पाठकोरी कार्डं

३ जुलै, दुपार

चि. टिटवीस,

हे पत्र तू फोडणार नाहीस अशी माझी जवळजवळ खात्री आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो. सहा वर्षं दर रविवारी तुझा फोन येतो, तो मी उचलतो, आणि तू "आईला द्या" एवढंच म्हणतेस. चुकीचा नंबर लागला तरी लोक याहून जास्त बोलतात. ते असो. आज मला तुझ्या आईची तक्रार करायची आहे आणि ती ऐकून घेईल असं दुसरं कोणी मला नाही.

मी कॉलेजात नाव घातलं हे तिने तुला सांगितलंच असेल. एम.ए.चं दुसरं वर्ष. लघुप्रबंधाचा विषय, शाळेच्या पुस्तकांतल्या कविता. वय एकोणसत्तर. याची चेष्टा नातेवाइकांत यथेच्छ झाली आहे, तू नव्याने करायची गरज नाही.

प्रवेशअर्जात "पालकाची सही" असा रकाना असतो. मी खिडकीतल्या मुलीला सांगितलं की बाई, माझे पालक जाऊन तीस वर्षं झाली. ती म्हणाली, रकाना कोरा ठेवला तर कॉम्प्युटर पुढे सरकत नाही. शेवटी तुझ्या आईने सही केली. नातं, पत्नी. तेव्हापासून माझ्या हजेरीचे निरोप तिच्या फोनवर येतात. परवा मी एक तास बुडवून बागेतल्या बाकावर बसलो होतो. जरा झाडं बघितली, चौथीतली ओढ्याची कविता मनात म्हटली. घरी आलो तर ही दारातच उभी. "आपला पाल्य आज दुसऱ्या तासाला गैरहजर होता," असं तिने मला फोनवरून वाचून दाखवलं. या वयात, स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर.

अभ्यासाचं तर विचारूच नकोस. काल मी मोजलं. दुपारी दोन ते पाचमध्ये मला चौदा वेळा उठवण्यात आलं. सहादा दार. तीनदा फोन. एकदा दुधावर लक्ष ठेवा म्हणून, आणि ते उतू गेल्यावर ओटा पुसा म्हणून. शेजारचे बँकवाले कसलासा अर्ज लिहून घ्यायला आले, म्हणाले, तुम्ही काय, घरीच असता. घरीच असता म्हणजे? माणूस घरात बसून काम करत असेल हे कुणाच्या डोक्यातच शिरत नाही. दुपारचे माझे चार कप चहासुद्धा आता मलाच करून घ्यावे लागतात, कारण तुझ्या आईचं म्हणणं, विद्यार्थ्याने स्वावलंबी असावं.

पण मूळ मुद्दा वेगळाच आहे. मी एकेका कवितेचं एक कार्ड करतो. जाड कार्ड, एका बाजूला स्वच्छ अक्षरात टिपण. काल त्यातलं एक सापडेना. सगळं घर पालथं घातलं. मिळालं ते फ्रिजच्या दारावर, लोहचुंबकाखाली. मागच्या बाजूला तुझ्या आईच्या हातचं, साबण, दोन बल्ब, काडेपेटी, नळवाल्याला फोन.

मी विचारलं, हे काय आहे? ती म्हणाली, "पाठकोरं होतं, म्हणून घेतलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्याच्या अभ्यासाला हात लावण्याआधी माणसाने विचारू नये? मागची बाजू कोरी आहे म्हणून पुढची बाजू रद्दी होते का? असं बरंच बोललो. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि भाजी चिरायला गेली.

तू तिला समज दे. तुझं ती ऐकते.

तुझे,
बाबा

ता.क. तुझी कार्डं असलेला डबा माळ्यावर आहे. ओल लागलेली नाही.


१९ जुलै

चि. टिटवी,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं.

इकडे अत्याचार वाढले आहेत. कॉलेजात पालकसभा झाली. विद्यार्थ्यांनी येऊ नये अशी सूचना होती. म्हणजे तुझी आई आत खुर्चीवर आणि मी बाहेर जिन्यात, वीस-बावीस वर्षांच्या पोरांबरोबर. त्यातल्या एकाने मला विचारलं, आजोबा, तुमचं कोण आत आहे? मी म्हटलं, माझी बायको. तो म्हणाला, ती पण शिकते का? मी म्हटलं, नाही, मी शिकतो, ती पालक आहे. त्या पोराने मला धरून पायरीवर बसवलं आणि स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली.

माझ्या मार्गदर्शक बाई साधारण तुझ्या वयाच्या. मला "काका" म्हणतात आणि काका म्हणतच माझं काम परत करतात. तुझ्या आईचं आणि त्यांचं सभेत चांगलंच जमलं. दोघी माझ्याबद्दल पाऊण तास बोलल्या. बाहेर आल्यावर तुझी आई म्हणाली, "बाई म्हणतात, पाल्य हुशार आहे, पण स्वतःच्या आठवणीवर फार विसंबतो."

हाच तो वाद. मी त्यांना चाळीस कविता दिल्या, सगळ्या तोंडपाठ. त्यांनी प्रत्येक कार्डाच्या वरच्या कोपऱ्यावर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, हे कुठल्या पुस्तकातलं? कुठलं साल? कितवं पान? मी म्हटलं, बाई, साठ वर्षं पाठ आहे, पान काय विचारता? त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, वरची ओळ नसेल तर कार्ड म्हणजे नुसती ऐकीव गोष्ट. खरी असली तरी माझ्या उपयोगाची नाही."

घरी येईपर्यंत मी चरफडत होतो. कवितेला जन्मदाखला मागणारी ही पिढी. आमच्या वेळी गुरुजी डोळे मिटून म्हणायचे आणि आम्ही डोळे मिटून ऐकायचो, आणि त्या मिटल्या डोळ्यांसमोर ओढा वाहायचा. तेव्हा कुणी विचारलं नाही की ओढा कुठल्या पानावर आहे.

पण इलाज नव्हता. निवृत्तीनंतर मी आठवून आठवून ज्या कविता उतरवल्या होत्या, त्या शोधणं भाग होतं. आणि त्या कशावर उतरवल्या आहेत ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

तेव्हा काल डबा माळ्यावरून काढला.

बाबा

ता.क. कार्डं उलटी करावी लागली. तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, हे मी कधी बोललो नव्हतो वाटतं.


११ ऑगस्ट

टिटवी,

माझी बाजूही एकदा लिहून ठेवू दे. एकतर्फी निकाल मला नोकरीतही मान्य नव्हता.

तुझ्या नवऱ्याची बदली दूर झाली तेव्हा तू आठ महिने आमच्याकडे राहिलीस. सकाळी माझ्या जुन्या कार्यालयाच्या दप्तरखान्यात जायचीस, दुपारी घरी बसून तुझ्या प्रबंधाचं लिहायचीस. दप्तरखान्याची परवानगी कुणी मिळवून दिली? मी. पाणीपुरवठ्याच्या तक्रारखिडकीवर तेहतीस वर्षं काढली होती म्हणून माझ्या एका चिठ्ठीवर तुला दार उघडलं. हे कुणी मोजत नाही.

नंतर तू नवऱ्याकडे गेलीस. जाताना म्हणालीस, कार्डं दोन महिने राहू देत. दोनाचे चौदा झाले. मला वाटलं, संपलं. लग्न झालेल्या मुलीचा अभ्यास असाच संपतो, त्यात नवल काय, असं मी चारचौघांत बोललोही असेन. दोनशे शहाऐंशी कार्डं, जाडजूड, मागून कोरी. मी कविता लिहायला लागलो. एका कार्डाला एक कडवं. तू गठ्ठ्यांना बांधलेले दोरे सोडले, मधले रंगीत कागद काढले, आणि माझ्या कवितांच्या आद्याक्षराप्रमाणे सगळी लावली. तू परत आलीस, डबा उघडलास, दहा-बारा कार्डं पाहिलीस. मी तुझ्याकडे बघत होतो. मला वाटलं, कवितांचं कौतुक करशील. तू म्हणालीस, "बाबा, निदान दुसऱ्या बाजूचं वाचलं असतंत." आणि डबा तसाच ठेवून गेलीस.

त्यावर सहा वर्षं मूग गिळून बसायचं? दोन शब्द बोलायला काय जात होतं? भांडायचं होतंस. मी भांडणारा माणूस आहे, मला भांडण समजतं.

असो. दुसरी बाजू वाचली. तीन आठवडे लागले.

लोकांनी पाण्यासाठी केलेले अर्ज. नव्वद वर्षांचे. त्यांतले पुष्कळसे माझ्याच खिडकीतून आत आलेले, माझ्याच हाताने "नोंद घेतली" असा शेरा मारलेले. तू एका कार्डावर लिहिलं आहेस की लोक अर्जात वर नळाची तक्रार करतात, आणि सही झाली की खाली एक ओळ लिहितात. खरी तक्रार त्या ओळीत असते. पुढे तू उदाहरणं दिली आहेस. "आठ दिवस नळ कोरडा आहे." सही. "ता.क. पत्नी वारल्यापासून भांडी मीच घासतो." दुसरं, "मीटर चुकीचं फिरतं, तपासावं." सही. "ता.क. मी घरात एकटीच असते. एकटं माणूस एवढं पाणी कुठे सांडणार?"

टिटवी, या बाईचा अर्ज मला आठवतो. मी मीटर तपासायला माणूस पाठवला होता. खालची ओळ मी वाचली नव्हती. आमच्या नोंदवहीत सहीच्या खालच्या मजकुराला रकानाच नव्हता.

मला याचा राग आला. तुझा नाही. नक्की कुणाचा, ते अजून ठरलेलं नाही.

या पत्राला ता.क. नाही. आता तू माझ्याही पत्रांच्या तळाशी बोट ठेवून बसशील.

बाबा

ता.क. एक राहिलंच. माझा बिस्किटांचा डबा बुटका होता. कार्डं त्यात मावेनात, म्हणून वरून बोटभर कापली. कात्री मीच चालवली, सगळ्या दोनशे शहाऐंशींवर. वरच्या ओळीत तू नोंदवहीचा क्रमांक आणि तारीख लिहायचीस, हे मला परवा, बाईंची पेन्सिल आठवली तेव्हा कळलं.


२ सप्टेंबर

चि. टिटवी,

मी ठरवलं आहे. मूळ अर्ज दप्तरखान्यात आहेत. कार्डावरचा मजकूर आणि मूळ अर्ज जुळवला की क्रमांक मिळेल. तुझ्या प्रबंधाचं पुढे काय करायचं ते तू बघ. पण डोकं उडवलेली कार्डं तुला परत देऊन मी मोकळा होणार नाही.

आता यात अडचण काय असावी? ज्या कार्यालयात आयुष्य घातलं तिथे जाऊन चार वह्या बघायच्या. दप्तरखान्यावर कोण आहे माहीत आहे? शिक्केवाला. दिसेल त्या कागदावर शिक्का मारतो म्हणून हे नाव त्याला मीच पाडलं होतं. माझ्या हाताखाली अठरा वर्षं होता. मला पाहून उठला, खुर्ची दिली, चहा मागवला, तुझ्या आईची चौकशी केली, आणि म्हणाला, "साहेब, अर्ज द्या. बाहेरच्या खिडकीवर."

मी बाहेर गेलो. माझी खिडकी. आतून तेहतीस वर्षं बघितली, बाहेरून कधी नाही. तुला सांगतो, ती फार खाली आहे. आत बसलेल्याला बरोबर पडते, बाहेरच्याला मात्र कमरेत वाकावं लागतं. वाकल्याशिवाय तोंडच दिसत नाही. तेहतीस वर्षं मला वाटत होतं की लोक नम्रपणाने बोलतात.

आतला पोरगेला कारकून माझा अर्ज न वाचताच म्हणाला, उद्या या. हे दोन शब्द मी किती हजार वेळा उच्चारले असतील. ऐकायला इतके वाईट लागतात याची कल्पना नव्हती. मी तिथेच त्याला सुनावलं की मी कोण आहे ठाऊक आहे का. तो म्हणाला, अर्जदार.

दुसऱ्या दिवशी गेलो तर अर्ज परत. कारणाच्या रकान्यात मी "वैयक्तिक नजरचूक" असं लिहिलं होतं. शिक्केवाल्याचा शेरा होता, "कारण मोघम आहे. स्पष्ट लिहावे." मी तावातावाने आत गेलो. म्हटलं, अठरा वर्षं तुला शिकवलं ते हेच का? तो म्हणाला, "हेच शिकवलंत साहेब. मोघम कारण घ्यायचं नाही."

शेवटी लिहिलं. "मुलीने कष्टाने केलेल्या कामाची मी स्वतः नासधूस केली. ती दुरुस्त करण्यासाठी." तीन प्रतींत मागतात. तीनदा लिहिलं. तीनदा शिक्का बसला.

सकाळी तास, मग दप्तरखाना, तीनला घरी. बरेच तास बुडतात. पालकांनी कॉलेजला चिठ्ठी पाठवली आहे, "पाल्य घरगुती कामात गुंतलेला आहे. कृपया सवलत मिळावी." मला न विचारता.

बाबा

ता.क. आजपर्यंत एकोणसाठ जुळली. तुझी आई दुपारी दोन ते पाच दार स्वतः उघडते. मी सांगितलेलं नाही.


२७ सप्टेंबर

चि. टिटवी,

दोनशे अकरा झाली. पण आज मी संतापलो आहे.

तुझ्या कार्डांत एक अर्ज असा आहे की तो काही केल्या सापडत नाही. नऊ दिवस मी त्याच एका अर्जामागे आहे. मजकूर इथे उतरवतो, तू कुठल्या वहीतून घेतलास ते कळव.

"तक्रार: दुपार मिळत नाही. दोन ते पाच ही वेळ कामाची म्हणून ठरवली आहे. आज त्या वेळात चहा चारदा केला. दार सहादा उघडले. पाहुण्यांजवळ पाऊण तास बसावे लागले. 'चष्मा कुठे आहे' हे तीनदा विचारले गेले. चष्मा तिन्ही वेळा कपाळावर होता. ता.क. कुणी एकदा नुसतं विचारावं, काय लिहितेस."

मी प्रथम चकित झालो. असला अर्ज पाणीपुरवठ्याकडे? यात पाणी कुठे आहे? मग विचार केला, बाई शिक्षिका असावी, वह्या तपासत असावी, आणि कुठेच दाद लागेना म्हणून दिसली ती खिडकी तिने गाठली असावी. तसे लोक येत. मी शिक्षकवस्तीच्या भागाच्या सगळ्या वह्या काढायला लावल्या. शिक्केवाला विचारतो, क्रमांक काय? मी म्हणतो, कापला गेला रे, क्रमांक मीच कापला.

पण कार्ड वाचून वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली आहे ती त्या घरातल्या माणसाबद्दल. कोण असेल हा गृहस्थ? घरातली बाई लिहीत बसली आहे हे त्याला डोळ्यांनी दिसतं, आणि हा चार-चार वेळा चहा मागतो. हात मोडले होते का त्याचे? स्वतःच्या कपाळावरचा चष्मा तिला शोधायला लावतो. आणि माणूस वाईटही नसणार, बघ. चारचौघांत चांगला म्हणवून घेत असणार. मला तो भेटला तर त्याला माझ्या खिडकीबाहेर वाकून उभा करीन आणि सांगेन, उद्या या.

ज्या कारकुनाने हा अर्ज घेतला त्याचाही मला राग आहे. तो बहुधा मीच असेन.

तेव्हा क्रमांक कळव. निदान साल. एवढ्या एका कार्डासाठी तरी लिही. तिचा अर्ज वाऱ्यावर सोडायला माझं मन घेत नाही.

पत्र टाकायचं राहिलं. आज ४ ऑक्टोबर.

काल जेवणं झाल्यावर ते कार्ड मी तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवलं. म्हटलं, तू बायकांची बाजू घेतेस ना, ऐक, अशीही घरं असतात. ती ताटं उचलत होती. ऐकता ऐकता थांबली. मग ताटं खाली ठेवून माझ्यासमोर बसली.

"अहो," ती म्हणाली, "कपाळाला हात लावा."

मी लावला. चष्मा तिथेच होता.

बाबा


१६ नोव्हेंबर

टिटवी, काय लिहीत होतीस?

मी चुकलो. तुझं काम मला दिसत होतं आणि मी ते न वाचता त्याच्या पाठीवर माझं काम लिहिलं. त्याआधी आठ महिने तुझी एकही दुपार तुझ्याकडे राहू दिली नाही. याचा मला पश्चात्ताप होतो.

हे खाली लिहायची माझी पद्धत. या वेळी वर लिहिलं. आता बाकीचं.

परवाच्या रविवारी तुझा फोन आला. मी उचलला, "आईला द्या" ऐकायची तयारी ठेवून. तू म्हणालीस, "किती झाली?" मी म्हटलं, दोनशे शहात्तर. तू म्हणालीस, "कविता खोडू नका." म्हणजे पत्रं फोडत होतीस तर. सहा पत्रांची तिकिटं लावून... नाही, पाच पत्रांची, मी पाचच पाठवली. पाच पत्रांना उत्तर नाही, आणि वाचली मात्र सगळी. याला काय म्हणावं?

आणि वर काय म्हणालीस? पहिल्या पत्रात ओढ्याच्या कवितेचा उल्लेख वाचून तू डब्यातलं ते कार्ड आठवलंस. म्हणालीस, "बाबा, ती ओळ चुकली आहे. ओढ्याची वाट शेत पाहत नाही. रान पाहतं."

मी फोनवरच भडकलो. साठ वर्षं म्हणतो आहे मी,

ओढा म्हणतो, थांबू कैसा?
वाट पाहते शेत कधीचे.

रान कुठून आलं? तू म्हणालीस, चौथीत तुम्हीच शिकवलीत तशी मी परीक्षेत लिहिली, एक मार्क गेला, आणि तुम्ही शाळेत जाऊन आमच्या बाईंशी भांडलात. त्यांनी पुस्तक उघडून पुढे केलं तर तुम्ही ते बघायलाच तयार नव्हतात. म्हणालात, माझी मुलगी चुकणार नाही.

भांडल्याचं आठवतं. पुस्तकाचं आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात गेलो, दोन तास धूळ खाल्ली, ते चौथीचं पुस्तक मिळवलं. पान सव्वीस. रान.

मार्गदर्शक बाईंना दाखवलं. त्यांना इतका आनंद झाला की मला अपमान वाटला. म्हणाल्या, काका, आता प्रत्येक कविता पुस्तकाशी ताडून बघा. तुमची आठवण कुठे कुठे काय बदलते, तोच तुमचा प्रबंध. म्हणजे माझ्या चुकांवर मला पदवी मिळणार. तुझ्या आईने, पालक या नात्याने, संमती दिली आहे.

सोबतचं पार्सल तुझ्या कार्डांचं आहे. माझा बुटका डबा नव्हे, सुतारापाशी उभं राहून बोटभर उंच पेटी करून घेतली आहे. प्रत्येक कार्डाला वर पट्टी चिकटवली आणि तिच्यावर नोंदवहीचा क्रमांक व तारीख घातली. नऊ अर्ज कसर लागून गेले होते, त्यांच्या पट्ट्यांवर तसं लिहिलं आहे. क्रम तुझ्या दोऱ्यांचा लावायचा प्रयत्न केला. कुठे चुकला असेल तर शिव्या दे, पण तोंडाने दे. तुला तिकडे कुठे टेबल मिळतं, दुपार मिळते की नाही, मला माहीत नाही. नसेल मिळत तर इथे तुझी जुनी खोली रिकामी केली आहे. दार मी उघडत जाईन. चहाही मीच करतो, चांगला होतो, तुझी आई नाइलाजाने कबूल करते.

दुपारच्या त्या अर्जाला क्रमांक नाही. त्याच्या पट्टीवर मी एवढंच लिहिलं, "अर्जदार: मुलगी. अर्ज मिळाला: सात वर्षे उशिरा." शेऱ्याची जागा कोरी ठेवली आहे. "नोंद घेतली" लिहायला हात उठला होता, जन्माची सवय, पण थांबलो. तो शेरा तू घाल, वाटेल तेव्हा.

त्या कार्डाच्या मागे ओढ्याची कविताच आहे. शेत खोडून रान केलं आहे. तेवढंच खोडलं.

तुझे,
बाबा

ता.क. नळाला पाणी व्यवस्थित येतं.